मुंबई सोडून नाशिकला यायचंय?

बिऱ्हाड हलवण्याआधी नोकरीचं बघा. अंतर जेमतेम १७० किलोमीटर, पण मुंबईची लोकल कसाऱ्यालाच थांबते. पंचवटी एक्स्प्रेसने रोज ये-जा करणारे आहेत. एका बाजूलाच साडेतीन तासांच्या आसपास वेळ जातो. त्यात स्टेशन नाशिकरोडला. गंगापूर रोडला घर घेतलंत, तर तिथवर पोचायलाच दहाएक किलोमीटर!

काम घरून असेल तर मात्र मी लगेच ‘या’ म्हणेन. मुंबईचा तो चिकट घाम नाही, हिवाळ्यात खरीखुरी थंडी, सकाळी गोदाकाठ, सुट्टीला अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी. मुलांना डोंगर ओळखीचे होतात, ही मला सगळ्यात मोठी कमाई वाटते.

घर लगेच विकत घेऊ नका. आधी वर्षभर भाड्याने राहून बघा.