रिपोर्टमध्ये 'एलडीएच' वाढलंय, म्हणजे कॅन्सरच का?

मानेत गाठ, न जाणारा ताप, उतरणारं वजन. डॉक्टर रक्ततपासणी लिहून देतात. रिपोर्ट मोबाईलवर येतो आणि 'एलडीएच'चा आकडा ठळक अक्षरात दिसतो. गूगल केलं की 'लिम्फोमा' म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर हा शब्द समोर येतो आणि घरादाराची झोप उडते.

हा आकडा काय सांगतो?

एलडीएच हे जवळपास प्रत्येक पेशीत असणारं प्रथिन. पेशी फुटल्या की ते रक्तात उतरतं. लिम्फोमात ते वाढू शकतं, तसंच यकृताच्या आजारात आणि रक्तपेशी फुटल्यावरही वाढतं. लोह साठवणारं फेरिटिनही साध्या संसर्गात वाढतं. म्हणजे धूर दिसतो, पण आग कुठे लागलीय ते कळत नाही.

व्हायरसचा काय संबंध?

१९६४ मध्ये लिम्फोमाच्या पेशींत एपस्टीन-बार व्हायरस सापडला. जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो असतो आणि बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. एचआयव्ही किंवा अवयव प्रत्यारोपणामुळे प्रतिकारशक्ती कमी झाली, तर मात्र लिम्फोमाचा धोका वाढतो.

हाच व्हायरस कधीकधी 'एचएलएच' हा आजारही सुरू करतो. यात प्रतिकारशक्ती बेभान होऊन स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि फेरिटिन हजारोंच्या घरात जाऊ शकतं. तरीही निदानाच्या प्रचलित पद्धतीत आठपैकी पाच निकष जुळावे लागतात. फेरिटिन त्यातला फक्त एक.

पनवेलमध्ये काय घडतंय?

पनवेल तालुक्यातल्या खारघरमध्ये टाटा मेमोरियलचं 'ॲक्ट्रेक' हे केंद्र आहे. आयआयटी मुंबईसोबत विकसित केलेली रक्ताच्या कॅन्सरवरची कार-टी थेरपी ४ जून २०२१ रोजी इथेच पहिल्यांदा रुग्णाला देण्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' या नावाने तिला मान्यता मिळाली.

या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडल्या जातात. त्या जास्त खवळल्या तर जीवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर ताप, रक्तदाब आणि ऑक्सिजनसोबत सीआरपी, फेरिटिन यांवरही नजर ठेवतात. निदान आधीच पक्कं असल्याने इथे हे आकडे खरे कामाला येतात.

मग रिपोर्ट आल्यावर काय करायचं?

गाठ टिकून असेल तर बायॉप्सी टाळू नका. आपल्याकडे गाठीचा टीबीही बराच आढळतो आणि त्याची लक्षणं लिम्फोमासारखीच असतात. नुसत्या अंदाजावर टीबीची औषधं सुरू झाली, तर कॅन्सरचे महिने वाया जातात. बायॉप्सीआधी स्वतःच्या मनाने स्टेरॉइड घेतलं, तर गाठ तात्पुरती बसते आणि निदान चुकू शकतं.

थोडक्यात, रक्तातला आकडा पुढची तपासणी सुचवतो. लिम्फोमा आहे की नाही, हे गाठीचा तुकडा तपासल्यावरच ठरतं.