गोड्या पाण्यातील शोभेची कोळंबी : संगोपन, पैदास आणि जबाबदारी

सारांश : गोड्या पाण्यातील शोभेच्या कोळंबीचा व्यवसाय पूर्व आशिया व युरोप येथे गेल्या तीन-चार दशकांत विकसित झाला. या कोळंबीची पैदास करता येणे अथवा न येणे हे मुख्यतः तिच्या अंड्याच्या आकारावर व अर्भकाच्या वाढीच्या पद्धतीवर अवलंबून असते. ज्या गुणामुळे ती टाकीत सहज वाढते, त्याच गुणामुळे ती परक्या जलाशयातही रुजू शकते. या दुहेरी वास्तवाचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : शोभेची कोळंबी, प्रत्यक्ष वाढ, निवड पद्धतीची पैदास, परकीय जाती, जैवविविधता.

प्रस्तावना

कोळंबी म्हटले की आपल्याकडे प्रथम आठवते ते स्वयंपाकघर आणि त्यानंतर निमखाऱ्या पाण्यातील शेती. केवळ पाहण्यासाठी कोळंबी पाळली जाते, ही कल्पना अनेकांना नवीन वाटेल. वास्तविक जपान, तैवान, जर्मनी इत्यादी देशांत जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीच्या रंगीत कोळंब्यांची पद्धतशीर पैदास होते. त्यांच्या रंगाच्या प्रती ठरविल्या जातात आणि त्यानुसार त्यांची खरेदी-विक्री होते.

या कोळंब्या मुख्यतः दशपाद गणातील अटायडी या कुलातल्या आहेत. या कुलात ४५० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांच्या पुढील पायांच्या इवल्या चिमट्यांच्या टोकांना केसांचे झुपके असतात. त्यांच्या साहाय्याने त्या दगड, पाने व लाकूड यांवरील शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा थर सतत खरवडून खातात. याच सवयीमुळे मत्स्यालयात त्यांचा प्रथम प्रवेश झाला. जपानमधील जलोद्यान-रचनाकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी १९८० च्या दशकात पाणवनस्पतींच्या टाक्यांतील शेवाळ आटोक्यात ठेवण्यासाठी कॅरिडिना मल्टिडेन्टाटा या जातीचा उपयोग केला. ही जाती आज व्यापारात ‘अमानो कोळंबी’ या नावानेच ओळखली जाते.

अंड्याचा आकार : व्यवसायाचा पाया

अमानो कोळंबीची मादी एका वेळी हजार ते दोन हजार अतिशय लहान अंडी पोटाखाली वागविते. त्यांतून बाहेर पडणारे डिंभक आईसारखे दिसत नाहीत. निसर्गात ते ओढ्याच्या प्रवाहाबरोबर समुद्राकडे जातात, खाऱ्या पाण्यात अनेक वेळा कात टाकून वाढतात आणि मगच गोड्या पाण्यात परततात. गोड्या पाण्याच्या टाकीत हे डिंभक काही दिवसांतच मरतात. परिणामी बाजारात येणारी बहुतेक अमानो कोळंबी आजही निसर्गातूनच पकडावी लागते.

याउलट निओकॅरिडिना डेव्हिडी या जातीची मादी साधारणपणे २० ते ३० अंडी धारण करते. ही अंडी तुलनेने मोठी असून त्यांत बलकाचा साठा भरपूर असतो. सुमारे तीन ते चार आठवड्यांनी त्यांतून बाहेर पडणारे पिलू सुमारे २ मिलिमीटर लांब असते. ते सर्व बाबतींत प्रौढ कोळंबीचीच छोटी प्रतिकृती असते. या प्रकारास प्रत्यक्ष वाढ असे म्हणतात. पिलाला समुद्राची गरज नाही, स्वतंत्र सूक्ष्म खाद्याचीही गरज नाही. जन्मल्या दिवसापासून ते शेवाळ खरवडू लागते आणि साधारण तीन ते चार महिन्यांत प्रजननक्षम होते.

बुव्हिए यांनी १९०४ मध्ये वर्णन केलेल्या या जातीस आर्मां डेव्हिड या फ्रेंच धर्मोपदेशक-निसर्गशास्त्रज्ञाचे नाव आहे. तिचे मूळ स्थान चीन, तैवान व कोरिया हे होय. निसर्गात ती मातकट व काहीशी पारदर्शक असते. तिचा ‘रेड चेरी’ हा लाल प्रकार निवड पद्धतीच्या पैदाशीतून तयार झाला आहे.

टाकी व पाणी

नवशिक्याने प्रारंभ रेड चेरीपासूनच करणे इष्ट. २० ते ४० लिटरची टाकी, स्पंजची गाळणी, थोडे जावा मॉस आणि दोन-चार वाळलेली पाने एवढ्यावर काम भागते. बदामाची, म्हणजे देशी बदामाच्या झाडाची, स्वच्छ वाळलेली पाने त्यासाठी चालतात. मात्र टाकी भरल्याबरोबर कोळंबी सोडू नये. मलमूत्रातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू गाळणीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात.

रेड चेरीस २० ते २६ अंश सेल्सिअस तापमान आणि ६.५ ते ८ सामू मानवतो. पाणी फार मृदू असल्यास कात टाकल्यानंतर नवे कवच नीट घडत नाही, कारण कवचासाठी कॅल्शियम लागते. दख्खनच्या पठारावरील अनेक कूपनलिकांचे पाणी कठीण असते. ते काही प्रमाणात या जातीस उपयुक्त ठरते. खरी अडचण उन्हाळ्याची आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि त्याच वेळी कोळंबीची प्राणवायूची गरज वाढते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकते.

आपल्या घरांतील तीन गोष्टींपासून विशेष सावध राहावे लागते. पहिली म्हणजे तांबे. कवचधारी प्राण्यांना ते अल्प प्रमाणातही विषारी असते. म्हणून तांब्याच्या भांड्यात साठविलेले पाणी आणि तांबेयुक्त मत्स्यौषधे टाळावीत. दुसरी म्हणजे डासप्रतिबंधक द्रव व कीटकनाशक फवारे. त्यांतील पायरेथ्रॉइड गटातील द्रव्ये कीटकांप्रमाणेच कोळंबीच्याही चेतासंस्थेवर आघात करतात. तिसरी म्हणजे नळाच्या पाण्यातील क्लोरीन. ते काढल्याशिवाय पाणी बदलू नये.

निवड, रंग व वारसा

मादी आकाराने मोठी व अधिक रंगीत असून तिचे उदर खोलगट असते. निवड पद्धतीत गडद व एकसारख्या रंगाची कोळंबी पैदाशीसाठी ठेवली जाते आणि फिक्या रंगाची वेगळ्या टाकीत हलविली जाते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवावे लागते. निवड थांबली की रंग पुन्हा फिका होऊ लागतो. निओकॅरिडिनाच्या लाल, निळ्या, पिवळ्या वाणांचा परस्पर संकर होऊ दिल्यास पुढील पिढ्यांत बहुधा मूळचा मातकट रंगच डोके वर काढतो. म्हणून एका टाकीत एकच वाण हा व्यवसायाचा पहिला नियम होय.

‘क्रिस्टल रेड’ ही दुसऱ्या प्रजातीतील कोळंबी मेंडेलच्या नियमांचे उत्तम उदाहरण आहे. दक्षिण चीन व हाँगकाँग परिसरातून आलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ‘बी’ कोळंबीत जपानच्या हिसायासू सुझुकी यांना १९९० च्या दशकात लाल उत्परिवर्तन आढळले. त्यांनी चिकाटीने त्याचा वाण स्थिर केला. हा लाल रंग अप्रभावी आहे. शुद्ध काळी व लाल यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व पिले काळी निघतात आणि दुसऱ्या पिढीत सुमारे एक चतुर्थांश पिले लाल निघतात. पदवी स्तरावरील आनुवंशिकीच्या प्रात्यक्षिकासाठी हा प्रयोग उपयुक्त ठरू शकेल. मात्र मर्यादित मूळसंचामुळे हा वाण नाजूक असून त्यास मृदू, किंचित आम्ल व थंड पाणी लागते.

विक्रीचे गणित

लहान जागेत व अल्प भांडवलात हा जोडव्यवसाय होऊ शकतो. तथापि त्यातील अंतर्विरोध लक्षात घ्यावा. जो वाण सहज वाढतो तो ग्राहकाकडेही सहज वाढतो. तोच ग्राहक काही महिन्यांनी विक्रेता होतो आणि भाव उतरतो. टिकाऊ उत्पन्न पिलांच्या संख्येवर अवलंबून नसते. ते रंगाची शुद्धता, निरोगी संच आणि ग्राहकाचा विश्वास यांवर अवलंबून असते. पाठवणीच्या पिशवीत पकडीसाठी मॉसचा तुकडा, एक तृतीयांश पाणी व उरलेल्या जागेत प्राणवायू असावा. आपल्या टाकीतील सामू, काठिण्य व तापमान यांची चिठ्ठी सोबत दिल्यास ग्राहकाला नव्या पाण्याशी कोळंबीची सावकाश जुळवणी करता येते. आयात केलेला संच जुन्या टाकीत मिसळण्यापूर्वी काही आठवडे वेगळा ठेवणे अगत्याचे आहे, कारण स्क्युटारिएला जॅपोनिका हा चपटकृमी अशा कोळंबीच्या शिरोभागावर व कल्ल्यांच्या कप्प्यात आढळतो.

मटानो सरोवराचा धडा

इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर मटानो नावाचे सुमारे ५९० मीटर खोलीचे प्राचीन सरोवर आहे. तेथील गडद लाल अंगावर पांढरे ठिपके असलेली ‘कार्डिनल’ कोळंबी सुमारे २००७ मध्ये व्यापारात आली. कॅरिडिना डेनर्ली हे तिचे शास्त्रीय नाव मात्र २००९ मध्ये निश्चित झाले. म्हणजे विज्ञानाने नाव देण्यापूर्वीच बाजाराने तिला किंमत दिली होती! आज ती आययूसीएनच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.

तिच्यापुढील मोठ्या संकटांपैकी एक म्हणजे मटानोत शिरलेला फ्लॉवरहॉर्न हा मासा. हा मासा कोणत्याही नदीचा मूळ रहिवासी नाही. १९९० च्या दशकात मलेशियात शौकिनांसाठी संकरातून घडविलेला तो मत्स्यालयातील प्राणी आहे. दुसरीकडे, प्रत्यक्ष वाढीमुळे कार्डिनल कोळंबी जगभरातील अनेक शौकिनांच्या टाक्यांत पिढ्यान्‌पिढ्या जगते आहे. एका काचेच्या टाकीने तिचा शत्रू घडविला आणि दुसऱ्या टाकीने तिचा वंश राखला. शौक स्वतः तारक वा मारक नसतो. टाकीतील जीव टाकीतच राहतो की नाही, यावर ते ठरते.

निसर्गात सोडू नये

जर्मनीतील गिलबाख या ओढ्यात औष्णिक वीजकेंद्राचे कोमट पाणी येते. तेथे निओकॅरिडिना डेव्हिडी रुजल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यासोबत भारतीय उपखंडातील मॅक्रोब्रॅकियम डेयानम ही कोळंबीही सापडली. पुढे पोलंड व हंगेरी येथूनही निओकॅरिडिनाच्या नोंदी झाल्या. थंड हवेच्या देशांत तिला तगण्यासाठी कोमट पाण्याचा आसरा लागला. आपल्याकडील बारमाही ओढ्यांत तसा आसरा शोधावा लागणार नाही. पश्चिम घाटातील ओढ्यांत कॅरिडिना प्रजातीच्या स्थानिक जाती नांदतात. अन्न, जागा व परोपजीवी या तिन्ही वाटांनी त्यांच्यावर परिणाम संभवतो. १९५२ मध्ये भारतात प्रथम आणलेल्या टिलापियाचे कुलबंधू आज उजनीच्या जलाशयात ‘चिलापी’ म्हणून जाळ्यात येतात. एकदा रुजलेली परकीय जाती परत काढता येत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो.

समारोप

शोभेची कोळंबी हा स्वस्त, सुलभ आणि शिक्षणदृष्ट्या मोलाचा विषय आहे. प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र व वाणिज्य या तिन्ही विभागांना त्यात विद्यार्थ्यांसाठी प्रकल्प सापडतील. परंतु असा प्रकल्प हाती घेताना अतिरिक्त संच कोणास द्यावयाचा आणि टाकी बंद करताना उरलेल्या कोळंबीचे काय करावयाचे, याचे उत्तर पहिल्याच दिवशी लिहून ठेवले पाहिजे. टाकीतील पाणीही ओढ्यात वा तळ्यात न ओतता झाडांना घालावे. पिलू किती सहज वाढते हे विद्यार्थ्यास शिकविताना, ते नको तेथेही तितक्याच सहज वाढेल, हे शिकविणे शिक्षकाचेच काम आहे.