हरिहरेश्वरच्या कातळावर फोटो काढायचाय? आधी तिथी बघा!

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा त्याचा लिखित मजकूर. बोलता बोलता जे विस्कळीत झालं होतं, ते इथे जरा सरळ केलंय.

आजचा विषय आहे खडकाळ समुद्रकिनारा, तिथले जीव आणि आपल्या हातातला फोन. जागा निवडली आहे रायगड जिल्ह्यातलं, श्रीवर्धन तालुक्यातलं हरिहरेश्वर. देवळामागच्या टेकडीवरून, दोन कड्यांच्या मधल्या अरुंद पायऱ्यांनी खाली उतरलात की समोर काळाकभिन्न सपाट कातळ पसरलेला दिसतो. लाटांनी हजारो वर्षं घासून केलेलं जणू अंगणच. हाच इथला प्रदक्षिणेचा मार्ग. ओहोटीला मोकळा, भरतीला पाण्याखाली.

या शेवटच्या वाक्यावरच आजचा सगळा भाग उभा आहे.

"फोन काय बघतेस, पाणी बघ!"

पहिल्यांदा गेले तेव्हा मी आणि माझा मामेभाऊ. एका डबक्याच्या काठावर खेकडा दिसला. मी पालथी पडून त्याचा क्लोजअप घेत होते आणि भाऊ माझा व्हिडिओ काढत होता. दोघांचीही पाठ समुद्राकडे! किती वेळ गेला कोण जाणे. लांबवर एक मावशी खडकावरची कालवं फोडत होत्या. त्यांनी हाक मारली, "अगं पोरी, फोन काय बघतेस, पाणी बघ मागं!" वळून बघितलं तर येताना आम्ही ज्या खाचेतून कोरड्या पायांनी आलो होतो, तिथे गुडघाभर पाणी खेळत होतं. मावशींनीच वरच्या बाजूची वाट दाखवली. वर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तिथी बघून आलात का आज?"

आम्ही कुठली तिथी बघतोय! आम्ही बघितला होता फक्त सूर्यास्त.

त्या दिवशी आम्ही सुटलो. पण याच प्रदक्षिणा मार्गावरून लाटेने माणसं ओढून नेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. म्हणून आधी पाण्याचं गणित, मग कॅमेरा.

तिथीची पाऊणपट

आपल्या किनाऱ्यावर दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. भरती ते ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात याचा जुना तोंडी हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी भर दुपारी बारानंतर. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास, पहाटे आणि संध्याकाळी.

आता यात फोटोवाल्यांसाठी काय आहे बघा. अष्टमीच्या आसपास 'भांग' असतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्यात ओहोटी दुपारच्या रखरखीत उन्हात. म्हणजे कातळही कमी उघडा आणि उजेडही वाईट. उलट अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास 'उधाण' असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब उतरतं. आणि ही मोठी ओहोटी येते नेमकी कोवळ्या उजेडाच्या वेळेला.

हिवाळ्यात जाणार असाल तर सोपं सूत्र सांगते. संध्याकाळचा सोनेरी उजेड हवा असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठा. सकाळ हवी असेल तर त्यानंतरची द्वितीया-तृतीया. तेव्हा ओहोटी सात-साडेआठच्या दरम्यान येते, म्हणजे सूर्योदयानंतर.

पण हा झाला अंदाज. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्यायची. भारतीय सर्वेक्षण विभाग ही कोष्टकं दरवर्षी प्रसिद्ध करतो आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. इशारा असेल तर ओहोटी असली तरी कातळावर उतरायचं नाही. पावसाळ्यात तर नाहीच नाही.

अजून एक हिशेब. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात एकूण चढाचा साधारण बारावा हिस्सा येतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत! त्यामुळेच "अजून तर काहीच चढलं नाही" असं वाटत राहतं आणि मग एकदम पळापळ होते. माझा नियम असा: ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं आणि पूर्ण ओहोटीनंतर अर्ध्या तासात वर. फोनमध्ये त्या वेळेचा गजर लावायचा. तो वाजला की समोर ऑक्टोपस असला तरी निघायचं. आणि दोघं असाल तर एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने पाण्यावर नजर ठेवायची.

कातळ टिपताना

हा कातळ बेसाल्टचा आहे. दख्खनच्या ज्वालामुखीतून साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेल्या लाव्हारसाचा. कड्यांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते ना, ती मिठाची करामत. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटा होत जातो. ही जाळी समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसते. उजेड बाजूने, तिरका येऊ द्या. प्रत्येक खळग्यात सावली भरली की फोटोला खोली येते.

ओला कातळ काळा आणि फेस पांढराशुभ्र, इथे फोनचा कॅमेरा गोंधळतो. फेसावर बोट दाबून धरा, एक्सपोजर लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा. काळोख नंतर उजळता येतो, पण पांढरा होऊन गेलेला फेस परत येत नाही. आणि दर पाच मिनिटांनी लेन्स सुती कापडाने पुसा. खारे तुषार बसले की सगळे फोटो धुरकट येतात आणि आपण दोष देतो फोनला.

डबक्यातलं जग

ओहोटीला कातळाच्या खळग्यांत जे पाणी उरतं, तिथे खरी गंमत आहे. आधी उभं राहून कातळावरचे पट्टे बघा. वरच्या कोरड्या भागात बारीक गोगलगायी, त्याखाली खडकाला चिकटलेले बार्नॅकल, मग कालवं आणि अगदी पाण्यालगत समुद्रशेवाळ. कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरतं, त्यावर ही उतरंड ठरते. ती एका फ्रेममध्ये आली तर तो फोटो नुसता सुंदर राहत नाही, काहीतरी सांगतो.

डबक्याच्या काठाशी फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स पाण्याजवळ जाते. वरून येणारी चकाकी छत्रीच्या सावलीने जाते. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात पाणी जणू नाहीसं होतं. फोन पाण्यात मात्र बुडवू नका. वॉटरप्रूफ म्हणून जो आकडा छापलेला असतो, ती चाचणी गोड्या पाण्यात होते.

आणि मग थांबा. आपली सावली पडली की खेकडे कपारीत जातात. दहा मिनिटं न हलता बसलात तर तेच बाहेर येतात. शंखात राहणारा हर्मिट क्रॅब पाय काढतो. समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, पाण्यात असेल तर पाकळ्यांसारखे हात पसरून बसलेलं दिसतं, उघड्यावर मात्र जेलीच्या गोळ्यासारखं मिटलेलं. ते उघडावं म्हणून बोट लावू नका. ते मिटतं ते अंगातलं पाणी टिकवायला.

दगड उलटण्याचा मोहही टाळा. खालच्या बाजूला जे जीव चिकटलेले असतात ते सावलीतले, ओलाव्यातले. उन्हात उघडे पडले की सुकून मरतात. वरच्या बाजूचं शेवाळ खाली दाबलं जातं, तेही मरतं. एका फोटोसाठी दोन मजल्यांचं घर पाडल्यासारखं आहे ते. रिकामा शंखही घरी आणू नका, हर्मिट क्रॅबला तोच उद्याचा निवारा.

पक्षी: फ्रेममध्ये लहानच राहू द्या

पाण्याच्या काठाला समुद्र बगळा टपून उभा असतो, कधी पांढरा, कधी पाटीसारखा करडा. एकाच जातीचे हे दोन रंग. हिवाळ्यात कुरव आणि तुतवार असतात. वर ब्राह्मणी घार घिरट्या घालते आणि नशीब असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुडही दिसतो. फोनच्या झूमने यांचा नुसता रंगीत चिखल होतो. त्यापेक्षा पक्षी लहान ठेवा आणि भोवती कातळ, लाट, आकाश येऊ द्या. सूर्यास्ताच्या आधी उजेडाविरुद्ध काळी आकृती घ्या, बगळ्याची मान पुरेशी बोलते.

जवळ जाऊ नका, यामागचं कारण साधं आहे. खडकावर खाणारे हे पक्षी जेवतात ते याच ओहोटीच्या काही तासांत. आपण एकदा उडवला की त्याच्या ताटावरून त्याला उठवलं. पक्षी खाणं थांबवून मान वर करून बघायला लागला की समजायचं, आपण एक पाऊल जास्त पुढे आलोय.

निघताना

तर पुढच्या वेळी हरिहरेश्वरला, किंवा कोकणातल्या कुठल्याही कातळावर जाल, तेव्हा बॅगेत एवढं असू द्या: रबरी तळाचे घट्ट बूट (बार्नॅकल पाय कापतात आणि हिरवं शेवाळ घसरवतं), सुती कापड, छत्री, फोनला गळ्यात अडकवायची दोरी आणि आजची ओहोटीची वेळ. उतरण्याआधी देवळाजवळ विचारा. वाट बंद आहे म्हणाले तर वाद घालू नका, वरूनही समुद्र छान दिसतो.

त्या मावशी नंतरच्या खेपेला पुन्हा भेटल्या. मी लांबूनच ओरडले, "मावशी, आज द्वितीया!" त्या हसल्या आणि हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "मग आठाला वर ये."

पावणेआठलाच आले. त्या सकाळी फोटो फक्त अकरा निघाले, पण अकराही ठेवण्यासारखे. भेटू पुढच्या भागात!