आधी काय, नंतर काय?

सरकारी रुग्णालयातील त्वचारोग विभागाची ओपीडी. केसपेपर हातात घेऊन वीस-एकवीस वर्षांची मुलगी आईबरोबर आलेली. चेहरा लाल, गालांवर बारीक पुळ्या, नुसते पाणी लागले तरी जळजळ. "चेहऱ्याला काय काय लावतेस?" असे डॉक्टरांनी विचारताच तिने पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर काढली. फेसवॉश, व्हिटॅमिन सीचे सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, पूर्वी एका डॉक्टरांनी मुरुमांसाठी लिहून दिलेले जेल आणि शेजारच्या काकूंनी सांगितली म्हणून मेडिकलमधून आणलेली 'चेहरा उजळवणारी' ट्यूब. एकूण सहा.

"आणि कशाच्या आधी काय लावतेस?" हा डॉक्टरांचा पुढचा प्रश्न. सकाळी चेहरा धुतला की आधी सनस्क्रीन, चेहरा ओढल्यासारखा वाटतो म्हणून त्यावर मॉइश्चरायझर आणि सगळ्यात महागाचे म्हणून सगळ्यात शेवटी सीरम. रात्री मॉइश्चरायझरचा जाड थर, त्यावर मुरुमांचे जेल आणि सर्वांवर ती ट्यूब.

सहापैकी पाच वस्तू वाईट नव्हत्या, त्यांचा क्रम चुकला होता. सहावी मात्र त्या रांगेत असायलाच नको होती. असे चेहरे त्वचारोगाच्या ओपीडीत आता नवे राहिलेले नाहीत. म्हणून या दोन्ही गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

क्रमाने काय फरक पडतो?

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हे सिमेंट. तळहात आणि तळपाय सोडले, तर शरीराच्या बहुतेक भागांवर ही भिंत साधारण 0.01 ते 0.02 मिलिमीटर जाडीची, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही पातळ असते. तरीही शरीरातले पाणी आत राखणे आणि बाहेरचे नको ते आत न येऊ देणे, ही दोन्ही कामे ती चोख करते.

त्वचेत काम करणाऱ्या औषधाला ही भिंत ओलांडावी लागते. भिंतीवर आधीच तेलकट थर बसलेला असेल, तर त्यावर लावलेले पाण्यासारखे सीरम बहुतेक वरच राहते. तेच सीरम आधी लावले आणि नंतर क्रीम लावले, तर क्रीम झाकणासारखे काम करते. म्हणून साधा नियम असा: पातळ ते आधी, घट्ट ते नंतर, पाण्याचे ते आधी, तेलाचे ते नंतर. डॉक्टरांनी दिलेले औषध असेल, तर ते प्रसाधनांच्या आधी, त्वचेच्या सर्वांत जवळ. सनस्क्रीनला मात्र हा नियम लागू नाही. ते पातळ असो की घट्ट, त्याची जागा शेवटी.

सकाळचा क्रम

सुरुवात चेहरा धुण्याने. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण 5 च्या आसपास असतो. अंगाच्या बहुतेक साबणांचा सामू 9 ते 10 असतो. त्यामुळे चेहरा वारंवार साबणाने धुतला की तो ओढल्यासारखा होतो. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरतो. नंतर टॉवेलने खसाखसा न पुसता पाणी नुसते टिपून घ्यावे.

सीरम वापरत असाल, तर ते यानंतर लगेच. पण सीरम नसले म्हणून काही अडत नाही. त्यानंतर त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे, म्हणजे वरचे पाणी उडून न जाता त्वचेत राहते. आंघोळीनंतर हातापायांना लावायच्या क्रीमसाठीही हेच खरे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत तेलकट त्वचेच्या व्यक्तीने सकाळचे मॉइश्चरायझर वगळले तरी चालते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत मात्र ते लागतेच.

शेवटी सनस्क्रीन, घराबाहेर पडण्याच्या 15 ते 20 मिनिटे आधी. मेकअप किंवा पावडर असेल, तर ती सनस्क्रीनच्या नंतर. सनस्क्रीनचा त्वचेवर सलग, एकसारखा पापुद्रा बसला तरच ते ऊन अडवते. त्यावर मॉइश्चरायझर चोळले की तो पापुद्रा फाटतो. खाली खोबरेल तेल असेल, तर तो नीट बसतच नाही. तेल आवडत असेल, तर ते रात्री, सगळ्यात शेवटी लावावे.

क्रमाइतकीच मात्राही महत्त्वाची. एसपीएफ 30 चे सनस्क्रीन ऊन लालसर करणारे यूव्हीबी किरण सुमारे 97 टक्के अडवते, पण हे मोजमाप त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढ्या जाड थराचे असते. आपण बहुतेक जण त्याच्या निम्मेही लावत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढावी, तेवढे चेहरा आणि मानेला लागते. उन्हात काम असेल, तर दर दोन तासांनी पुन्हा. हे सगळ्यांनाच परवडणारे नाही. शेतात किंवा रस्त्यावर काम करणाऱ्यांसाठी रुंद काठाची टोपी, छत्री, पूर्ण बाह्या आणि तोंडावर गुंडाळलेला स्कार्फ हाही चांगला बचाव आहे.

पावसाळ्यात डासांचे क्रीम लावणाऱ्यांनी ते सनस्क्रीननंतर लावावे. डासांना दूर ठेवणारे रसायन त्वचेच्या पृष्ठभागावरून हवेत मिसळायला हवे. खाली दाबले गेले तर त्याचा उपयोग कमी होतो.

रात्रीचा क्रम

रात्री चेहरा धुऊन औषध आणि मग मॉइश्चरायझर. मुरुमांच्या अनेक जेलमध्ये अ‍ॅडापॅलिन किंवा ट्रेटिनॉइन असते. ही औषधे ओल्या त्वचेवर लावली तर जास्त जळजळ करतात. म्हणून चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्यावा. वाटाण्याएवढे जेल सगळ्या चेहऱ्याला पुरते. ते फक्त उठलेल्या पुळीवर न लावता, मुरुम जिथे येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचे असते, कारण पुढचे मुरुम आत तयार होत असतात. डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा टाळाव्यात.

त्वचा फारच नाजूक असेल, तर डॉक्टर मुद्दाम उलटा क्रम सांगतात: आधी मॉइश्चरायझर, मग जेल. औषध थोडे हळू पोहोचते आणि जळजळ कमी होते. म्हणजे क्रम हा औषधाचा जोर कमी-जास्त करण्याचाही मार्ग आहे. तो स्वतःच्या मनाने बदलू नये. बेंझॉइल पेरॉक्साइडमुळे ट्रेटिनॉइन निकामी होऊ शकते, म्हणून ही दोन्ही दिली असतील, तर बहुधा एक सकाळी आणि दुसरे रात्री लावायला सांगतात. गरोदर स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार असलेल्यांनी अ‍ॅडापॅलिन, ट्रेटिनॉइन टाळावे.

लिंबाला या रांगेत कुठेच जागा नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात.

सहावी ट्यूब

आता त्या ट्यूबकडे वळू. 1975 मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने चेहऱ्यावरील काळ्या डागांसाठी तीन औषधांचे मिश्रण मांडले: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. अशा मिश्रणांचा वांगावर उपयोग होतो, पण मर्यादित काळ आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपल्याकडे मात्र स्टेरॉइड बदलून तयार झालेली अशी मिश्रणे गोरेपणाची क्रीम म्हणून घराघरांत पोहोचली.

पहिले काही दिवस चेहरा खरोखरच उजळ आणि नितळ दिसतो. स्टेरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि सूज दबते. तिथेच फसगत होते. महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, मुरुम वाढतात, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते. ट्यूब थांबवली की दोन-चार दिवसांत चेहरा लालबुंद होतो, आग होते, आणि माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असे नावच दिले आहे. या मुलीच्या बाबतीत क्रमानेही भर घातली होती. जेलने आधीच सोललेल्या त्वचेतून स्टेरॉइड आणखी सहज आत जाते.

गजकर्णावर हीच चूक होते. खाज थांबते, लाली जाते, बुरशी मात्र पसरत राहते. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची 'एच' मध्ये घेतली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही काउंटरवर नाव सांगून ती मागणारे आहेत आणि देणारेही. त्यामुळे ट्यूबवरचे घटक वाचण्याची सवय लावलेली बरी. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी कोणतेही नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे असे समजावे.

स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. इसबासारख्या आजारात योग्य ताकदीचे, योग्य दिवसांपुरते दिलेले स्टेरॉइड मलम मोठे काम करते. तिथेही मापाने लावायचे: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर बसेल एवढे मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. मॉइश्चरायझर आणि हे मलम एकावर एक लगेच चोळू नयेत, मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. आणि चेहऱ्यावर कित्येक महिने अशी ट्यूब लावली असेल, तर ती एकट्याने बंद करण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे. ती कशी थांबवायची हे ठरवून द्यावे लागते.

मुलीच्या सहा वस्तूंपैकी तीन त्या दिवशी तिच्याकडे राहिल्या: फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. सीरम आणि मुरुमांचे जेल चेहरा शांत होईपर्यंत बंद. सहाव्या ट्यूबऐवजी जळजळीसाठी वेगळे औषध आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावणे. केसपेपरच्या मागच्या बाजूला डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या, सकाळची एक आणि रात्रीची एक.

निघताना आईने हळूच विचारले, "डॉक्टर, मग ही उजळणार कधी? स्थळं बघायला लागलोय आम्ही."

"मावशी, रंग तुमच्याकडूनच आलाय तिला, तो काही आजार नाही. चेहऱ्याची आग होतेय तो आजार आहे, तो बरा करू. बरं व्हायला काही महिने लागतील. तोवर शेजारच्या काकूंनी काही सांगितलं, तर आधी इथे घेऊन या. ती ट्यूबही फेकू नका, तिच्यावरचं नाव त्यांनाही दाखवा."

आईने केसपेपर घडी घालून पिशवीत ठेवला. मुलीने मात्र तो पुन्हा बाहेर काढून मागच्या दोन ओळींचा मोबाइलवर फोटो घेतला.