ट्रकसाठी कॅमशाफ्ट निवडताना

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. तेव्हापासून नगर जिल्ह्यात ऊस वाहतुकीचा धंदा वाढत गेला. ऐन गळीत हंगामात इंजिन उघडावे लागले तर खेपा बुडतात, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून इंजिनाचे काम पावसाळ्यातच काढावे आणि त्या वेळी कॅमशाफ्टची तपासणी अवश्य करून घ्यावी.

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. त्याची नाके व्हॉल्व्ह उघडतात. नाक झिजले की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, हवा कमी पडते, धूर वाढतो. टॅपेट सेट करूनही आवाज पुन्हा येत राहिला तर मिस्त्रीला नाकांची उंची मोजायला सांगावे. एक नाक बाकीच्यांहून कमी भरले तर शाफ्ट बदलणेच बरे.

"जास्त पॉवरचा" शाफ्ट घालून घेण्याचा मोह काहींना होतो. तो पेट्रोलच्या शर्यतीच्या गाड्यांचा प्रकार आहे. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहिले तर वरच्या गतीला फायदा होतो, कमी गतीची ओढ मात्र जाते. आणि भरला ट्रक करंजी घाट चढतो तो त्याच ओढीवर. शिवाय डिझेल इंजिनात पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो. व्हॉल्व्ह जरा जास्त उतरला तर पिस्टनवर आदळून सगळे इंजिन जाते. कंपनीच्या मापाचाच शाफ्ट घ्यावा.

गाडीचे मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी इंजिने आलेली असतात. इंजिन नंबर आणि पार्ट नंबर लिहून न्यावा. दुकानात जुना शाफ्ट शेजारी ठेवून नाकांचा क्रम, जर्नलचे माप, गिअरची चावी ताडून पाहावी. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सरसाठीच्या खुणाही जुळल्या पाहिजेत, नाहीतर गाडी सुरू होण्यातच अडचण येते.

घासून दिलेला जुना शाफ्ट स्वस्त पडतो. पण घासताना वरचा कडक थर निघून गेला तर आतला मऊ भाग लवकर झिजतो. शिवाय नाकाचा मागचा गोल भागही लहान होतो आणि टॅपेटच्या स्क्रूला सेटिंग पुरत नाही. हंगामाच्या तोंडावर हा धोका पत्करू नये.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो नव्या शाफ्टवर जुने टॅपेट बसवल्याने. दोघांची झीज जोडीने होते. खड्डा पडलेला टॅपेट फिरत नाही आणि नवे नाक लवकरच खाऊन टाकतो. टॅपेटचा पूर्ण संच नवा घ्यावा, बसवताना नाकांना भरपूर वंगण लावावे. पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर ते फार वेळ मंद गतीवर सोडू नये. त्या गतीला नाकांवर तेल कमी उडते. गाडी तापल्यावर टॅपेटचे अंतर पुस्तकाप्रमाणे पुन्हा तपासून घ्यावे आणि पहिले ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलावे.