लाकूड हाच एक सांधा

फलटणमधल्या कुठल्याही सुताराच्या दुकानाबाहेर सागाचे वीतभर तुकडे पडलेले असतात. त्यातले दोन उचला. त्यांच्या लांब कडा रंध्याने सरळ करा, फेविकॉल लावा आणि शिकंज्यात आवळून एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी जोडाची एक बाजू टेबलाबाहेर काढून तिच्यावर हातोडा घाला. काम नीट झालं असेल तर फळी मोडेल, पण जोडलेल्या रेषेवर नाही. मोडेल ती शेजारच्या कोऱ्या लाकडात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही हातचलाखी वाटते. ज्या सागाच्या तुळयांवर वाड्यांनी पिढ्या काढल्या, त्याच सागाला बाटलीतला दुधासारखा पातळ पदार्थ भारी कसा पडतो?

उत्तर लाकडातच आहे, कारण लाकूड ही मुळात चिकटवलेलीच वस्तू आहे. सेल्युलोजच्या बारीक, पोकळ नळ्यांची ती मोळी, आणि त्या नळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारा मुख्य पदार्थ म्हणजे लिग्निन. ओंडका उभा फोडायला कुऱ्हाडीचे दोन-चार घाव पुरतात, आडवा तोडायला मात्र घाम निघतो. उभा घाव नळ्यांच्या मधल्या सांध्यांतून वाट काढतो. आडव्या घावाला एकेक नळी तोडावी लागते. म्हणून लाकडाची ताकद तंतूंच्या दिशेने प्रचंड असते आणि तंतूंच्या आडवी त्याच्या कितीतरी पट कमी. लांब कडेला कड जोडताना आपल्या गोंदाची स्पर्धा फक्त झाडाच्या गोंदाशी असते, आणि ती तो जिंकतो.

पण चिकटणं म्हणजे नेमकं काय? दोन पदार्थांचे रेणू पुरेसे जवळ आले की ते एकमेकांना ओढतात. हे ‘पुरेसं जवळ’ म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. रंध्याने आरशासारखी केलेली फळीसुद्धा या मापाने पाहिली तर सह्याद्रीच आहे. दोन फळ्या एकमेकींवर दाबल्या तर टेकतात ती फक्त शिखरं, दऱ्या मोकळ्याच राहतात. गोंदाचं काम या दऱ्या भरण्याचं. तो आधी पातळ हवा, म्हणजे प्रत्येक खळग्यात आणि उघड्या नळीत शिरेल. मग तिथेच घट्ट व्हायला हवा. पाण्यालाही पहिलं जमतं, पण ते वाळून निघून जातं. दोन्ही जमतं त्यालाच आपण गोंद म्हणतो.

माणसाला हे गुपित फार आधी कळलं. प्राचीन इजिप्तचे सुतार जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरत. आपल्याकडे सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाच्या कृती दिल्या आहेत. फळं, बिया, साली उकळून काढा आटवायचा आणि त्यात राळेसारखे चिकट पदार्थ घालायचे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त चित्रकारांसाठी वज्रलेप सांगितला आहे. म्हशीचं कातडं लोण्यासारखं मऊ होईपर्यंत शिजवायचं, त्याच्या कांड्या वाळवून ठेवायच्या आणि लागतील तेव्हा गरम पाण्यात विरघळवायच्या. कांडी सोडली तर हा सरळ सरळ सुताराचा सरसच. फलटणहून माउलींची पालखी ज्या पंढरपूरला जाते, तिथल्या विठ्ठलमूर्तीच्या संवर्धनासाठी 2020 मध्ये रासायनिक लेप दिला गेला, तेव्हा बातम्यांमध्ये शब्द आला तोही वज्रलेपच.

सरस गरम असेपर्यंत पातळ राहतो आणि थंड झाला की थिजतो. म्हणून सुताराच्या शेजारी शेगडी लागायची आणि वासही सोसावा लागायचा. 1959 मध्ये बळवंतराय पारेख यांच्या कंपनीने फेविकॉल बाजारात आणला आणि शेगडी हळूहळू विझली. हा पांढरा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे अतिसूक्ष्म कण. पाणी लाकडात आणि हवेत निघून गेलं की कण एकमेकांत मिसळून सलग, पारदर्शक पापुद्रा बनतो. ओला असताना तो पांढरा दिसतो, कारण दुधातल्या स्निग्धकणांसारखे त्याचे कण प्रकाश विखुरतात. कण एकजीव झाले की विखुरणं थांबतं आणि रंग नाहीसा होतो.

मग कुठे कोणता गोंद? सातारा जिल्हा याची मोठी शाळाच आहे. फलटण पर्जन्यछायेतलं, कोरडं. त्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरावर पावसाळ्यात ढग मुक्कामाला असतात. फलटणच्या उन्हाळ्यात केलेलं टेबल महाबळेश्वरच्या बंगल्यात गेलं की हवेतली ओल पिऊन फुगतं. मात्र लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीत. त्यामुळे काटकोनात जोडलेल्या दोन तुकड्यांची दर पावसाळ्यात आपसांत ओढाताण होते. साधा पांढरा गोंद थोडा लवचीक असल्याने ही ओढाताण काही प्रमाणात सोसतो, पण सतत ओल लागली की मऊ पडतो. ओलीच्या जागी त्याचा पाणी सोसणारा प्रकार घ्यावा. उन्हापावसातल्या बाकासाठी इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन बरं. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं आणि होताना फसफसतं. तो फेस फट भरल्यासारखा दिसतो, पण त्यात बळ नसतं.

फलटणच्या मे महिन्यात घड्याळाकडेही लक्ष हवं. पंख्याखाली पांढऱ्या गोंदावर काही मिनिटांतच साय धरते. साय धरल्यावर जोडलेला सांधा म्हणजे दोन वाळलेल्या पापुद्र्यांची गाठभेट. त्यात साग जात्याच तेलकट. रंधा मारून आठवडाभर ठेवलेल्या सागावर त्याचेच तेलकट अंश वर येतात आणि गोंदाला लाकडापर्यंत पोहोचू देत नाहीत. म्हणून रंधा आणि गोंद एकाच दिवशी.

आडव्या कापलेल्या टोकाचा विषय आणखी निराळा. तिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात. गोंद आत शोषला जातो आणि सांधा उपाशी राहतो. म्हणूनच जगभरच्या सुतारांनी कुसू शोधलं. एका तुकड्याला जीभ, दुसऱ्याला तिच्या मापाची खाच. जीभ आत गेली की टोकाऐवजी तिच्या लांब बाजू खाचेच्या भिंतींना भिडतात. फलटणचा मुधोजी मनमोहन राजवाडा पाहायला गेलात तर नक्षीवरून नजर काढून खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथेही थोडी थांबवा. जुन्या वाड्यांच्या सांगाड्यात भार वाहतात ती कुसं, खाचा आणि पाचरी. बैलगाडीचं चाक तर त्याहून अचाट. तापवून बसवलेली लोखंडी धाव थंड होताना आक्रसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळ्यांना करकचून बांधते. तिथे गोंदाचं काम लोखंड करतं.

फट राहिली तर? भुसा आणि फेविकॉल कालवून ती लिंपायची आपली जुनी सवय. दिसायला झकास, पण पांढरा गोंद वाळताना आक्रसतो आणि जाड थरात कमजोर पडतो. फट भरायची तर इपॉक्सी हवं. त्याचे दोन भाग एकमेकांशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतात, पाणी उडून जाण्यावर त्यांचं काम अडत नाही, म्हणून ते फारसे आक्रसत नाहीत. वरून चार चुका ठोकल्या तरी मापाची चूक झाकत नाही.

मापाच्या चुकीचा एक महागडा धडा 1944 मध्ये भारताच्या आकाशात मिळाला. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं मॉस्किटो हे विमान प्लायवूड आणि बाल्सा लाकूड चिकटवून केलेलं. भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातली काही हवेतच मोडली आणि उड्डाणं थांबवावी लागली. पहिला संशय अर्थातच इथल्या हवेवर आणि मॉन्सूनवर. पुढच्या चौकशीचा निष्कर्ष मात्र निराळा निघाला: दोष कारखान्यात झालेल्या बांधणीत होता.

आणि कधी कधी सांधा सुटणं हाच गुण ठरतो. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणीचं लाकूड यांतून वाद्य घडवतात. तंतुवाद्यं जोडायला पूर्वापार सरस वापरला जायचा. त्याला ऊब आणि ओल दिली की तो पुन्हा मऊ होतो, तबली, म्हणजे वाद्याची वरची फळी, न फोडता उघडता येते आणि दुरुस्तीनंतर पुन्हा बसवता येते. इपॉक्सीने जोडलेलं वाद्य उघडायचं तर ते फोडावंच लागेल. शंभर वर्षं वाजायची वस्तू असेल तर तिला कधीतरी उघडावं लागणार, हे धरूनच तिचा गोंद निवडावा लागतो.

तेव्हा पुढचा सांधा करताना आधी गोंद न लावता तुकडे जुळवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर महागडी बाटली आणायला दुकानात जाऊ नका, रंध्याच्या पात्याला धार लावा.