विरंगुळ्याची सुई : क्रोशाने मनाला काय मिळते?

रेडिओवर, टीव्हीवर, पाण्याच्या माठावर क्रोशाचा रुमाल आणि दारावर क्रोशाचे तोरण हे चित्र काही दशकांपूर्वी अनेक मराठी घरांत दिसे. पुढे 'जुन्या वळणाचे काम' म्हणून क्रोशे मागे पडले. गेल्या काही वर्षांत मात्र ही सुई पुन्हा हातात आली आहे. टाळेबंदीच्या दिवसांत अनेकांनी ती नव्याने शिकून घेतली. कॉलेजच्या मुली पिशव्या आणि टॉप विणतात, आज्या नातवंडांसाठी टोपडी विणतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली सुवर्णपदक मिळवणारा ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली प्रेक्षागृहात बसून विणताना साऱ्या जगाने पाहिला, तेव्हा हा छंद फक्त बायकांचा नाही हेही अनेकांच्या लक्षात आले.

या छंदाबरोबर काही दावेही फिरत असतात. क्रोशाने ताण उतरतो, झोप लागते, स्मरणशक्ती टिकते, विस्मरणाचा आजार दूर राहतो वगैरे. यातले कशाला आधार आहे आणि कुठे उत्साहाच्या भरात जास्त बोलले जाते, हे पाहण्यासारखे आहे.

सुईवर एकच टाका

दोन सुयांच्या विणकामात सगळी ओळ सुईवर असते. सुई निसटली, तर अनेक टाके एकदम सुटतात. क्रोशाच्या सुईवर बहुतेक वेळा एकच फास असतो. साखळी घाला, मुका खांब घाला किंवा खांब, टाका पूर्ण झाला की सुईवर पुन्हा तो एकच फास उरतो. त्यामुळे काम कधीही थांबवता येते. गॅसवरचे दूध उतू जायला आले, दवाखान्यात आपला नंबर लागला, लोकलमध्ये आपले स्टेशन आले, तरी फास थोडा सैल करून सुई बाजूला ठेवता येते. चुकलेले उसवायला दोरा ओढला की पुरे. तोच दोरा पुन्हा वापरता येतो.

रोजच्या धकाधकीत बसणारा छंद म्हणून क्रोशाची खरी सोय इथे आहे. दोन मोकळे तास मिळेपर्यंत थांबावे लागत नाही. शिवाय दोन्ही हात गुंतलेले असल्याने तेवढा वेळ मोबाइल आपोआप बाजूला राहतो. टाके मोजायचे असल्याने मनाचा एक कोपरा कामात असतो, पण गप्पा मारता येणार नाहीत किंवा गाणी ऐकता येणार नाहीत इतकेही ते अवघड नसते. फार सोपे नाही आणि फार कठीणही नाही अशा कामात मन रमते आणि वेळेचे भान हरपते. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी या अवस्थेचा अनेक वर्षे अभ्यास केला होता.

रुमाल सपाट का राहतो?

या मोजणीमागे गणितही आहे. मुक्या खांबाचा गोल रुमाल विणताना पहिल्या फेरीत ६ टाके असतात, दुसरीत १२, तिसरीत १८, चौथीत २४. प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवायचे, हे शिकवणाऱ्या काकूंना पाठ असते. पण ६ च का? वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ सुमारे ६.२८ ने वाढतो. मुका खांब साधारण जितका रुंद तितकाच उंच असतो. म्हणून दर फेरीला सहा टाके वाढवले की रुमाल सपाट बसतो. खांब रुंदीच्या जवळपास दुप्पट उंच असल्याने तिथे दर फेरीला १२ वाढवावे लागतात. वाढ कमी पडली की कडा वर उचलल्या जातात आणि टोपीचा आकार येतो. वाढ जास्त झाली की झालर पडते.

ही झालर पुढे विज्ञानाच्या कामी आली. सपाट कागदापेक्षा वेगळ्या, सगळीकडे बाहेरच्या बाजूला पसरत जाणाऱ्या पृष्ठभागाची भूमिती विद्यार्थ्यांना समजावणे अवघड जाते. कागदाची प्रारूपे हाताळताना फाटत. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत असा पृष्ठभाग क्रोशाने विणला. तो हातात धरता, दुमडता येत होता. त्यातून प्रेरणा घेऊन मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियन बहिणींनी २००५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये क्रोशाची प्रवाळ बेटे विणायला घेतली. समुद्रातील अनेक प्रवाळांच्या आणि सागरी गोगलगायींच्या कडांना अशीच झालर असते. पुढे अनेक देशांतील हजारो विणकर या कामात सामील झाले.

संशोधन काय सांगते?

ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रोशे विणणाऱ्यांची एक मोठी ऑनलाइन पाहणी केली. वेगवेगळ्या देशांतील आठ हजारांहून अधिक लोकांनी तिला उत्तरे दिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ८९.५ टक्के लोकांनी क्रोशाने शांत वाटते असे सांगितले, ८२ टक्क्यांनी आनंद वाटतो असे सांगितले आणि ७४.७ टक्क्यांनी आपण अधिक उपयोगी आहोत असे वाटते, असे नोंदवले. त्याआधी २०१३ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या अशाच एका पाहणीत ३१ देशांतील साडेतीन हजारांवर विणकरांनी भाग घेतला होता. वरचेवर विणणाऱ्यांना अधिक शांत आणि आनंदी वाटते, असे त्यातही दिसले.

आकडे मोठे आहेत, पण ते जपून वाचायला हवेत. उत्तरे देणारे आधीपासून विणणारेच होते. ज्यांना क्रोशे कंटाळवाणे वाटले आणि ज्यांनी ते सोडून दिले, ते अशा पाहणीत येतच नाहीत. उत्तरे देणाऱ्यांत जवळपास सगळ्या स्त्रियाच होत्या. न विणणाऱ्यांशी तुलना नव्हती. तेव्हा विणणाऱ्यांना त्यातून बरे वाटते, इतके म्हणता येते. नैराश्यावर क्रोशे हा उपचार आहे, असे म्हणता येत नाही. ज्याचे औषध चालू आहे त्याने ते सुरूच ठेवावे आणि जोडीला खुशाल विणावे.

स्मरणशक्तीचेही तसेच. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ७० ते ८९ वयाच्या १,३२१ व्यक्तींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. वाचन, संगणकाचा वापर, विणकामासारखी हस्तकला असे छंद असलेल्यांमध्ये सौम्य विस्मरणाचे प्रमाण कमी आढळले. मात्र छंदामुळे स्मरणशक्ती टिकली, की स्मरणशक्ती चांगली असल्यामुळे छंद टिकला? टाके मोजताना वारंवार चुका होऊ लागल्या की माणूस हळूहळू सुई खाली ठेवतो. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. अनेक वर्षे सराईतपणे विणणारी आजी अचानक साध्या नमुन्यात अडखळू लागली, तर मात्र घरच्यांनी ते हसण्यावारी न नेता डॉक्टरांशी बोलावे.

हात, मान आणि डोळे

एकाच पकडीत तासन्‌तास विणणे हाताला मानवत नाही. दर २०-२५ मिनिटांनी सुई ठेवावी, मुठी उघडाव्यात, मनगट हलकेच फिरवावे, उठून पाणी प्यावे. दोरा फार ताणून धरू नये. सुई पेन्सिलसारखी धरून बोटे दुखत असतील, तर सुरीसारखी धरून पाहावी. सांधे दुखणाऱ्यांना जाड, रबरी मुठीची सुई सोयीची पडते. काम मांडीवर ठेवून सतत मान खाली घालण्यापेक्षा मांडीवर उशी घेऊन ते थोडे वर आणावे.

अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांना मुंग्या येत असतील, रात्री त्याने जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते. अंगठ्याच्या मुळाशी सतत दुखत असेल, तर 'होईल कमी' म्हणून विणत राहू नये. दोन्ही वेळी डॉक्टरांना दाखवावे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, म्हणून दिवसाच्या उजेडात, फिकट रंगाच्या आणि जाड दोऱ्यावर काम करणे बरे. काळा दोरा रात्री ट्यूबलाइटखाली विणायला घेऊ नये.

विणलेले कुणाला द्यावे?

पाहणीतील 'उपयोगी वाटते' हे उत्तर विशेष लक्ष देण्यासारखे आहे. मुले परगावी, निवृत्ती झालेली, दिवस मोठा वाटू लागलेला, अशा वेळी आपल्या हातची वस्तू कुणाला तरी हवी आहे, ही भावना साधी नसते. आपल्याकडे याला जागाही आहेत. बाळंतविड्यातले टोपडे आणि मोजे, संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून दिलेला छोटा रुमाल, शेजारच्या नव्या घरासाठी तोरण. २०१६ मध्ये चेन्नईत शेकडो स्त्रियांनी विणलेले चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण तयार केले आणि गिनीज विक्रम केला.

अमेरिकेत २०११ मध्ये आणखी एक काम सुरू झाले. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांसाठी मऊ सुती दोऱ्याचे, आत हलके सारण भरलेले कृत्रिम स्तन स्वयंसेविका विणतात आणि मोफत देतात. सिलिकॉनच्या तुलनेत ते वजनाला हलके असतात. भारतातही हे काम चालते. जखम पूर्ण भरल्यावर आणि शल्यचिकित्सकांना विचारूनच ते वापरायचे असतात.

तान्ह्या बाळासाठी विणताना जास्त काळजी हवी. मणी, बटणे, लांब नाड्या नकोत, कारण त्या तोंडात किंवा गळ्याभोवती जाऊ शकतात. मोज्यांच्या आत सुटा धागा राहिला, तर तो बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो. मोठ्या भोकांच्या नक्षीत बोटे अडकतात. वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना पाळण्यात सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणण्याची प्रथा २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. त्यांचा बाळांना फायदा होतो याचा भक्कम पुरावा मात्र नाही. रुग्णालयाला विचारल्याशिवाय ते नेऊन देऊ नयेत. आपल्या हवेत लोकरीपेक्षा सुती दोरा बहुतेक वेळा सोयीचा.

नव्याने शिकणाऱ्याने चार-पाच मिलिमीटरची सुई, जाड सुती दोऱ्याचा एक गुंडा आणि रोजची वीस मिनिटे यांवर सुरुवात करावी. पहिला तुकडा बहुधा तिरका होईल, कारण ओळीच्या टोकाचा टाका नवशिक्याच्या नजरेतून सुटतो. प्रत्येक ओळ संपली की टाके मोजावेत, म्हणजे चूक वेळीच कळते. मोबाइलवर शिकण्याची सोय आहेच. पण इमारतीत, चाळीत किंवा ज्येष्ठ नागरिक संघात कुणी काकू-आजी क्रोशे जाणत असतील, तर त्यांच्याकडे दुपारी जाऊन शिकावे. टाका कुठे चुकला, हे त्या शेजारी बसून लगेच सांगतील. आणि दुपारी कुणीतरी दार वाजवावे, याची वाट कदाचित त्याही पाहत असतील.